तिसरा दिवा

नेरिस प्रॉबर्ट दुकानात आली मंगळवारी,
पाठीला गिटार, हातात विजेच्या बिलामागे लिहिलेली यादी:
शुक्रवारी पब. दुसऱ्या शनिवारी कुणाचं तरी लग्न.
रविवारी चॅपल, तिथल्या पाद्रीबाईंचे कान नाजूक.
बाकी दिवस स्वयंपाकघर, भिंतीपलीकडे तान्हं मूल.
"या सगळ्याला पुरेल असा अ‍ॅम्प दे, गेथिन.
एकच. जिना अरुंद आहे, आणि माझा गुडघाही एकच चांगला."

मी मनात म्हटलं, सगळ्याला पुरणारं काही
माझ्या बापानंही या दुकानातून विकलं नाही.
एक ना धड, भाराभर चिंध्या:
बारा बटणं, चार चॅनेल, पायाखाली खटक्यांची पाटी.
ते घेऊन गेलेली माणसं
महिन्याभरात परत येतात, खोकं पुढे करून,
नजर दुसरीकडेच.

तरी आधी मोठाच दाखवला. पन्नास वॉटचा, कोरा.
तिनं एक तार छेडली, छताची धूळ खाली आली.
"चांगला आहे," म्हणाली,
"पण हा बोलायला लागला की
खोलीत दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही.
असा एक मेहुणा आहे मला."

दुसरा पाच वॉटचा, लोण्यासारखा.
तान्ह्या मुलाची झोपही मोडली नसती.
"पण आमचा ट्युडर ड्रम वाजवत नाही रे, सूड उगवतो."
खरंच होतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून.

तिसरा विकायला नव्हता.
कोपऱ्यात, निळं रेक्झिन खरवडलेलं, मूठ तारेनं बांधलेली,
वीस वॉट. मागे एक खटका, खाली पाडला की पाचच.
रिव्हर्ब स्प्रिंगचा, रिकाम्या हौदात हाक मारावी तसा.
"तो लाव."

तापायला अर्धं मिनिट.
मागच्या जाळीआड, काचेत, हळूहळू शेंदरी धग.
आम्ही दोघं नुसतं बघत राहिलो.
बावीस वर्षं तिनं क्रेनच्या केबिनमधून
वितळलेल्या लोखंडाचे हंडे इकडून तिकडे नेले.
आता पोर्ट टालबटच्या भट्ट्या थंड आहेत,
आणि खिशातला पैसा त्या थंडीचाच.
मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

केबल पुढे केली तर म्हणाली,
"थांब. नुसता चालू राहू दे."
खाली वाकून कान लावला. उजवा.
डावा कामावरच राहिला.
मग माझ्या कानामागची पेन्सिल ओढून घेतली
आणि एकेका व्हॉल्व्हवर टिचकी:
टक.
टक.
टिंऽग. स्पीकरमधून, बारीक, चमचा पडल्यासारखं.
"हा तिसरा दिवा घाबरतोय."

सहा महिने तो माझ्या पुढ्यात होता.
मी रोज त्याच्यावर चहाचा कप ठेवायचो.

बंद केला, निवू दिला, व्हॉल्व्ह बदलला.
मग ती वाजवायला बसली, उलट्या बादलीवर.
पाचावर, अंगठ्यानं, रविवारची एक संथ चाल.
वीसवर, शुक्रवार. आवाज कडेला जरासा फाटला,
फाटायला हवा तिथेच.
हात हलका केला, तर पुन्हा धुतल्यासारखा,
एकाही बटणाला न शिवता.
मला वाटलं, चार चॅनेल कुणाला हवेत.
बोललो नाही; धंदा आहे.

"विकायचा नव्हता ना?"
"नव्हता."
आकडा सांगितला. तिनं घासाघीस केली नाही,
त्यामुळे मीच दोनदा खाली आलो.

दोघांनी उचलून गाडीत ठेवला,
मागच्या सीटवर, पट्टा लावून, म्हाताऱ्या काकासारखा.
"तो बिघडलेलापण दे," म्हणाली.
हातमोज्यात गुंडाळला, खिशात टाकला.
कशाला, विचारलं.
"घाबरलेला आवाज लक्षात राहायला,"
आणि पहिल्या गिअरमध्ये
दोनदा गाडी बंद पाडली.